राजमाचीवरचे भाऊसाहेब

लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारी वाट तुंगार्लीच्या बाजूने रानात शिरते आणि पंधराएक किलोमीटरांनी उधेवाडीच्या घरांपाशी येते. वाडीच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले उभे आहेत. कड्याखाली उल्हास नदीचे खोरे, पायथ्याला कोंडाण्याची लेणी आणि पलीकडे थेट कोकण. बोरघाटाने वर येणाऱ्यावर नजर ठेवायला याहून चांगली जागा नाही. कोकणपट्टी आणि देश यांना जोडणारा हा घाट सातवाहनांपासून वाहता होता, त्यामुळे ज्याच्या हाती राजमाची त्याच्या हाती घाट, असा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला.

१७७६ साली या माथ्यावर एक माणूस विजयी सेनापतीच्या थाटात येऊन राहिला. हाताशी हजारोंची फौज होती. कोकणातले बरेच किल्ले त्याच्या ताब्यात आले होते. पुण्याहून शरणागतीची बोलणी येत होती आणि सिंहगडही दरवाजे उघडायला राजी आहे, अशी कुणकुण होती. बरोबरचे लोक त्याला श्रीमंत भाऊसाहेब म्हणत. पानिपतावर पडलेले सदाशिवराव भाऊ पंधरा वर्षांनी परत आले आहेत आणि पुण्याची गादी आता चार मुक्कामांवर आहे, असा त्या छावणीचा विश्वास होता.

मराठी वर्तमानपत्रांत आजही ‘तोतया पोलीस’ पकडला गेल्याच्या बातम्या येतात. पण मराठी मनात ज्याला नुसते ‘तोतया’ म्हटले की पुरते, तो हाच. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले ते याच्यावरच. त्याची गोष्ट सहसा पुण्याच्या बाजूने सांगतात: नाना फडणीसांचे चातुर्य, पार्वतीबाईंची व्यथा, शेवटचा न्याय. मावळच्या बाजूने पाहिले तर प्रश्न वेगळा दिसतो. घाटावरच्या चौकीत उभ्या असलेल्या शिलेदाराने समोर आलेला माणूस भाऊ आहे की नाही, हे ओळखायचे कसे?

खरे भाऊ म्हणजे चिमाजी अप्पांचे पुत्र, नानासाहेब पेशव्यांचे चुलतभाऊ आणि दौलतीचे कारभारी. जन्म १७३० चा. उदगीरला निजामाला नमवल्यावर त्याच वर्षी, १७६० मध्ये, ते उत्तरेच्या मोहिमेवर निघाले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर नानासाहेबांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला. त्यानंतर भाऊंना जिवंत पाहिल्याचे खात्रीने सांगणारा कोणी पुण्यात परतला नाही.

रणांगणावर त्यांचा शोध झाला होता. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज या दक्षिणी ब्राह्मण मुत्सद्द्याने पुढे फारसीत पानिपतची हकिकत लिहिली, तीत हा शोध सविस्तर आला आहे. प्रेतांच्या ढिगात एक शिर नसलेले धड सापडले. चेहराच नाही म्हटल्यावर ओळखणाऱ्यांनी अंग तपासले. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग होता. पाठीवर कट्यारीच्या जखमेचा व्रण होता. १७५९ मध्ये मुजफ्फरखान गारद्याने भाऊंवर वार केला होता, त्याची ती खूण. तळपायावर ज्योतिषी शुभ मानतात तशा रेषा होत्या. भाऊ रोज सूर्याला शेकड्यांनी नमस्कार घालत, त्याचे घट्टे गुडघ्यांवर आणि हातांवर होते. पुढे शीरही मिळाले, असे काशीराज सांगतो, आणि दहन झाले.

ही ओळख विलक्षण आहे. वार करणारा मारेकरी, रोजचा व्यायाम, जन्मजात डाग: माणसाचे सारे आयुष्य त्याच्या कातडीवर लिहिलेले होते आणि वाचणाऱ्यांना ते वाचता आले. पण हे वाचन झाले ते शुजाच्या छावणीत, पुण्यापासून शेकडो कोसांवर. घरच्या कोणीही ते धड पाहिले नाही. नानासाहेब त्याच वर्षी खचून गेले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या, तिथून जीव वाचवून परतल्या होत्या. नवऱ्याच्या मृत्यूवर त्यांचा विश्वास बसला नाही आणि त्यांनी कुंकू पुसले नाही. राजघराण्यातली बाई सवाष्ण म्हणून वावरते आहे, हे सारे पुणे रोज पाहत होते. हरियाणात रोहतकजवळच्या सांघी गावात तर भाऊ वाचले आणि तिथे नाथपंथी होऊन राहिले, अशी आख्यायिका अजून सांगतात. जिथे मृत्यूचा डोळ्यांदेखतचा साक्षीदार नाही, तिथे परत येणाऱ्यासाठी दार उघडेच राहते.

त्या दारातून आलेला माणूस बुंदेलखंडातला कनोजा ब्राह्मण होता. त्याचे नाव कुठे सुखलाल, कुठे सुखनिधान असे येते. तोंडवळा भाऊंसारखा होता, हे जुने लेखक मान्य करतात. सुरुवातीला त्याने स्वतःहून दावा केला की भोवतालच्यांनी तो त्याच्या गळ्यात घातला, हे सांगणे कठीण. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्याला पकडून पुण्यात आणवले. १७६५ च्या सुमारास त्याची चौकशी झाली, भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांपुढे त्याला उभे केले आणि त्याने आपण भाऊ नसल्याचे कबूल केले. माधवरावांनी त्याला मारले नाही, कैदेत ठेवले. एका गडावरून दुसऱ्या गडावर असे फिरत तो अखेर रत्नागिरीच्या किल्ल्यात जाऊन पडला.

माधवरावांची ही दया पुढे महागात पडली, असे अनेकांनी लिहिले आहे. ते मत अपुरे वाटते. माधवराव होते तोवर कैदेतला तोतया निरुपद्रवी होता, कारण तोवर पुण्यात ज्याच्यावर भिस्त ठेवावी असा धनी होता. १७७२ च्या नोव्हेंबरात ते क्षयाने गेले. पुढल्याच वर्षी ३० ऑगस्टला नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. १७७४ च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर जन्मलेले बाळ सवाई माधवराव म्हणून गादीवर आले. नारायणरावांचे काका राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. कारभार सखारामबापू आणि नाना फडणीसांच्या हातात होता आणि मार्च १७७६ मध्ये इंग्रजांशी पुरंदरचा तह झाला तरी गाडी रुळावर आली नव्हती. दोन वर्षांचा पेशवा आणि आपसांत रुसलेले सरदार, अशा वेळी एखादा कर्ता पुरुष परत यावा, असे कुणाला वाटले नसेल?

त्याच १७७६ च्या सुरुवातीला रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्याला बाहेर काढले आणि भाऊसाहेब म्हणून मुजरा केला.

इथे चेहऱ्याचा भाग संपतो आणि थाटाचा सुरू होतो. कोठडीतला माणूस तोच, नाकडोळे तेच, पण सुभेदाराने हात जोडल्यावर तो श्रीमंत झाला. पहिल्या किल्लेदाराने सुभेदाराकडे पाहून दार उघडले, दुसऱ्याने पहिल्याकडे पाहून. फौज जमत गेली. वीसएक हजारांचा आकडा सांगितला जातो. कोकणातल्या एखाद्या गडाच्या हवालदाराने भाऊंना कधी पाहिले असण्याचा संभव फारच कमी. पाहिलेच असेल तर लांबून, हत्तीवर, छत्रचामरांत. त्याच्या डोळ्यांत भाऊंचा चेहरा नव्हताच, होता तो भाऊंचा दिमाख. तो दिमाख समोर उभा राहिला की चेहरा त्याच्या पाठोपाठ मनात आपोआप बसतो.

मराठ्यांना ही गोष्ट नवी नव्हती. तिच्यावर स्वराज्याचे दोन मोठे डाव उभे राहिले होते. १६६० मध्ये पन्हाळ्याहून निसटताना शिवा काशीद शिवाजी महाराजांच्या जागी पालखीत बसला आणि सिद्दी जौहरच्या हाती लागून मारला गेला. १६६६ मध्ये आग्र्यात हिरोजी फर्जंद पलंगावर शेला पांघरून निजला, हात तेवढा बाहेर ठेवला आणि हातात महाराजांची अंगठी. पहारेकऱ्यांनी हात पाहिला आणि महाराज आत आहेत अशी खात्री करून घेतली. शिवा काशीदाचा चेहरा महाराजांसारखा होता असे परंपरा सांगते. हिरोजीच्या बाबतीत चेहऱ्याची गरजही पडली नाही. पालखी, अंगठी, पलंग एवढ्या खुणांवर शत्रू फसला. तोतयाच्या वेळी त्याच खुणांवर आपलेच लोक फसले.

ते फसले म्हणून त्यांना मूर्ख ठरवण्याची घाई करू नये. लोणावळ्यात आज सुनील कंडल्लूर यांचे मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय आहे. मुंबई-पुण्याहून आलेली कुटुंबे तिथे पुतळ्याशेजारी उभी राहून फोटो काढतात आणि नाक बरोबर आलेय का, हनुवटी चुकलीय का, यावर वाद घालतात. लहान मुलेही बोट दाखवून हरकत घेतात. हे त्यांना जमते, कारण त्या चेहऱ्यांची हजारो छायाचित्रे त्यांनी पाहिलेली आहेत. खेळाडू घामाने भिजलेला, हसणारा, रागावलेला, म्हातारा होत गेलेला, सगळा त्यांना पाठ आहे. १७७६ च्या मावळात पेशव्याच्या सेनापतीचे एकही चित्र गावकऱ्याच्या घरात नव्हते. चेहरा ठाऊक असायचा तो प्रत्यक्ष ज्यांच्यात वावरलो त्यांचा, म्हणजे गावचा, भावकीचा, बाजाराचा. त्यापलीकडची सारी मोठी माणसे नुसती नावे होती. आज मानसशास्त्रज्ञही सांगतात, की ओळखीचा चेहरा माणूस अंधुक चित्रातूनही पकडतो, पण अनोळखी माणसाची दोन छायाचित्रे शेजारी ठेवली तरी ती एकाचीच आहेत की दोघांची, हे ठरवताना वारंवार चुकतो.

त्यात पंधरा वर्षे गेलेली. पानिपतावर भाऊ तिशीतले होते, परतले असते तर शेहेचाळीस वर्षांचे. तालमीत कमावलेले अंग आणि बंदिवासात झिजलेले अंग सारखे कसे दिसेल? चेहऱ्यात फरक दिसला तर तो कैदेने पडला, असे म्हणता येत होते. साम्य दिसले तर तो पुरावाच होता. म्हणजे दोन्ही बाजूंनी तोतयाचा फायदा.

कोकण हाती आल्यावर तो घाटाकडे वळला. तेव्हाचा बोरघाट म्हणजे बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी मळलेली, दगडधोंड्यांची चढण. गाड्यांचा रस्ता १८३० मध्ये झाला आणि आगगाडी आणखी तीस-पस्तीस वर्षांनी आली. अशा वाटेवर थोडी माणसेसुद्धा मोठी फौज अडवू शकतात आणि पुणे दरबाराच्या सैन्याने तोच प्रयत्न केला. पण तोतयाच्या माणसांनी एक तोफ आडवाटेने डोंगरावर चढवून त्यांच्या पिछाडीला नेली. मागून मारा सुरू झाल्यावर घाट राखणाऱ्यांना हटावे लागले. हे काम डोंगर ठाऊक असलेल्यांचेच. दरीतून माथ्यावर जाणाऱ्या अवघड वाटा, कड्यातल्या नाळी कातकरी, धनगर आणि माचीवरच्या रामोशी-कोळ्यांना जितक्या माहीत, तितक्या पुण्याच्या सरदारांना असण्याचे कारण नव्हते. त्या तोफेला कोणी वाट दाखवली, याची नोंद नाही. पण ती वाट आपोआप सापडली नाही एवढे खरे.

मग राजमाची. इथे तोतयाचा थाट कळसाला पोहोचला. माचीवर भैरवनाथाचे देऊळ, पाण्याची टाकी, वर दोन बालेकिल्ले आणि समोर खंडाळ्याकडून सरळ पुण्याला जाणारी वाट. त्या वेळी तो झपाट्याने पुढे सरकला असता तर काय झाले असते, हा प्रश्न रेंगाळतो. तो थांबला. पुण्याहून शरण येण्याची बोलणी सुरू होती आणि त्या बोलण्यांत तो गुंतून पडला. तो गाफील असतानाच पुण्याचे दोन सरदार अचानक राजमाचीच्या परिसरात त्याच्यावर तुटून पडले आणि त्याची फौज उधळून पुन्हा कोकणात उतरली. ज्या घाटाने विजयाने चढले, त्याच घाटाने धूम ठोकावी लागली.

या बंडाविरुद्धची मोहीम महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्याकडे होती. महादजींची निवड अर्थपूर्ण आहे. ते पानिपतावर लढले होते, तिथेच त्यांचा पाय कायमचा अधू झाला आणि राणेखान भिस्त्याने त्यांना वाचवून दक्षिणेत आणले. भाऊंची शेवटची मोहीम त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. नाना फडणीसही वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पानिपतावर होते, भाऊंच्या नित्य सहवासातले. त्या दिवशी तेही जीव घेऊन पळाले, त्यांची आई त्या वाताहतीत गेली. म्हणजे मोहीम चालवणारा आणि ती आखणारा, दोघांच्याही स्मरणात भाऊंचा चेहरा, आवाज, चाल पक्की होती. तोतयाला ज्यांनी स्वीकारले त्यांनी भाऊंना पाहिले नव्हते, आणि ज्यांनी पाहिले होते त्यांनी त्याला चिरडले. नाना-बापूंच्या सत्तेचा स्वार्थ त्यात होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण भाऊ खरेच परतले असते तर नानांनी त्यांना ओळखले नसते, असे मानायला काही आधार दिसत नाही.

हरलेला तोतया समुद्रमार्गे मुंबईकर इंग्रजांकडे आसरा शोधायला निघाला आणि अखेर कुलाब्याच्या राघोजी आंग्रेंच्या हाती लागला. आंग्रेंनी त्याला पुण्याच्या स्वाधीन केले. तिथे त्याची पुन्हा रीतसर चौकशी झाली आणि तो तोतयाच ठरला. डिसेंबर १७७६ मध्ये मेखसूने, म्हणजे मेखा ठोकण्याच्या जड हातोड्याने, डोके फोडून त्याला मारले, असे मराठी इतिहासकार सांगतात. ज्या तोंडवळ्याच्या बळावर त्याने वर्षभर कोकण हलवून सोडले, तो असा संपवण्यात आला. शिक्षा क्रूर होती आणि ती जाणूनबुजून लोकांच्या डोळ्यांसमोर आणलेली होती, यात शंका वाटत नाही.

पार्वतीबाईंचे काय? त्या १७८३ मध्ये वारल्या, तोवर त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. त्यांच्या या हट्टाला कोणी वेड म्हणतात, कोणी भाबडेपणा. पण पुराव्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यांची भूमिका तितकी निराधार नव्हती. काशीराजाने वर्णिलेल्या खुणा पत्नीला ठाऊक असणार; त्या पाहण्याची संधी मात्र तिला मिळाली नाही. इंग्लंडात शंभर वर्षांनी असेच घडले. बुडालेल्या जहाजावर गेलेला रॉजर टिचबोर्न आपणच, असे म्हणत ऑस्ट्रेलियातून एक इसम आला. तो शरीराने दुप्पट होता, लहानपणी येणारी फ्रेंच भाषा विसरलेला होता, तरी आईने १८६७ मध्ये पॅरिसला त्याला पाहताच मुलगा म्हणून जवळ केले. खटले १८७४ पर्यंत चालले आणि तो चौदा वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात गेला. बंगालमध्ये उलटे झाले. भवालचा कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारल्याचे मानले गेले होते, १९२१ मध्ये त्याच्यासारखा दिसणारा संन्यासी ढाक्यात आला. बहिणींनी ओळखले, पत्नीने शेवटपर्यंत नाकारले. न्यायालयाने अंगावरच्या खुणा एकेक तपासून तो खरा कुमार असल्याचा निकाल दिला आणि १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही तोच कायम केला. छायाचित्रे, डॉक्टर, वकील सगळे हाताशी असूनही ते प्रकरण पंचवीस वर्षे चालले. पुण्याच्या चौकशीकडे यातले काहीच नव्हते.

बोटांच्या ठशांनी माणूस ओळखण्याची रीतही याच देशात रुजली. विल्यम हर्शेलने १८५८ मध्ये बंगालमध्ये करारावर हाताचा ठसा घेतला आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवली. सुखलालच्या वेळी असे काही असते तर रत्नागिरीच्या सुभेदाराचा डाव एका दिवसात उघडा पडला असता, असे वाटण्याचा मोह होतो. पण परांजप्याला आपला कैदी कोण आहे हे ठाऊक होते, कारण चौकशीत दोषी ठरलेला माणूसच त्याच्या ताब्यात होता. बाकीच्यांना ठसा तपासायचाच नव्हता. त्यांना हवा होता तो नेता.

याचा दाखला त्याच घाटाने दोन वर्षांनी दिला. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून खंडाळ्याला आली आणि तिच्याबरोबर राघोबादादा होते. यांच्या ओळखीबद्दल कुणालाही शंका नव्हती. बाजीरावांचे पुत्र, अटकेपार गेलेले, दोन दशके पुण्यात वावरलेले, खरेखुरे पेशव्यांच्या घराण्यातले. ते दिसताच सरदार येऊन मिळतील, अशी इंग्रजांची समजूत होती. कोणी आले नाही. महादजी शिंदे आणि हरिपंत फडके यांनी वाटेवरची गावे ओस पाडली, दाणावैरण जाळली. कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला, ज्याला मावळात ‘इष्टुर फाकडा’ म्हणून अजून ओळखतात. फौज तळेगावपर्यंत रखडत आली, तिथे पुढचे गाव जळताना दिसले आणि जानेवारी १७७९ मध्ये ती मागे फिरली. वडगावला वेढा पडला, तह झाला आणि राघोबादादांनी इंग्रजांची छावणी सोडून महादजींचा आसरा घेतला.